किनारा न गाठणारी वादळे

२०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, कोकणात भाताची कापणी ऐन भरात असताना, रत्नागिरीच्या पश्चिमेस अरबी समुद्रात हवेचा दाब उतरू लागला, त्या उतरत्या दाबाभोवती वाऱ्याने फेर धरला, आणि पुढे 'क्यार' या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या वादळाने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, म्हणजे २७ ऑक्टोबरला, आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीतील सर्वांत वरची, महाचक्रीवादळाची पायरी गाठली. या पायरीवर वाऱ्याचा वेग ताशी २२० किलोमीटरच्याही वर असतो. अरबी समुद्रात त्यापूर्वी असे वादळ २००७ सालच्या जून महिन्यात, 'गोनू'च्या रूपाने, काय ते एकदाच नोंदले गेले होते. कोकणात कापून ठेवलेले भात भिजले, मासेमारी नौका देवगडसारख्या बंदरांच्या आश्रयाला आल्या, गोव्यात दोना पावलाच्या खडकांवर नाफ्ता भरलेले एक निर्मनुष्य जहाज येऊन आदळले, आणि एवढे झाल्यावर वादळाने तोंड पश्चिमेकडे वळवले. तोंड वळताच महाराष्ट्राची चिंता मिटली, वर्तमानपत्रांतील ठळक मथळे आतल्या पानांवर गेले, आणि जे वादळ आपल्या आयुष्यातील सर्वांत उग्र अवस्थेला त्यानंतर पोहोचले, त्याच्याविषयी किनाऱ्यावरच्या माणसाला फारसे काही विचारावेसेही वाटले नाही. पुढे ते ओमानच्या दिशेने गेले, मग नैर्ऋत्येकडे वळले, आणि कोणत्याही देशाच्या भूमीवर वादळ म्हणून पाऊल न ठेवता समुद्रातच विरून गेले.

त्या दिवसांत त्या पाण्यावर कोणीच नव्हते, असे समजायचे काय? अरबी समुद्र हा इराणच्या आखातातून निघणाऱ्या तेलवाहू जहाजांचा राजमार्ग आहे. त्यातून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजांची वर्दळ वर्षाचे बाराही महिने चालू असते. कच्छ-काठियावाडची लाकडी गलबते आजही सोमालियापर्यंत व्यापार करतात. आणि तामिळनाडू-केरळातील खोल समुद्रातले मच्छीमार सुरमई, कुपा आणि मुशी यांच्या मागावर किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर जाऊन आठवडेच्या आठवडे राहतात. हा सारा मुलूख वस्तीचा आहे. वस्ती फिरती आहे, विरळ आहे, तिला गावठाण नाही आणि सातबारा नाही, इतकाच काय तो फरक. परंतु आपली वादळविषयक सारी व्यवस्था, आपले इशारे, आपला बंदोबस्त, आपली नुकसानभरपाई आणि आपली सहानुभूतीसुद्धा, वादळ जमिनीला कोठे व केव्हा शिवणार या एकाच प्रश्नाभोवती उभारलेली आहे. ही व्यवस्था अपुरी आहे, एवढेच मला म्हणायचे नाही. ज्या माणसांच्या कष्टांतून वादळाचे शास्त्र उभे राहिले, त्यांचाच त्या शास्त्रावरचा हक्क या व्यवस्थेत मागे पडला आहे, आणि तो त्यांना परत मिळाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे हक्काचे बोलणे भावनेच्या भरातले नाही. त्याला इतिहासाचा दाखला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक गृहस्थ होता, जो स्वतः पूर्वी दर्यावर्दी होता आणि नंतर तेथील सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला. वादळात सापडून जे जहाज कसेबसे हुगळीच्या मुखाशी येई, त्याचा रोजनामा पिडिंग्टन मागवून घेई. कोणत्या प्रहरी वारा कोणत्या दिशेचा होता, वायुभारमापकातील पारा कोठे उतरला, लाटा कोणीकडून येत होत्या, याचा तपशील तो टिपून ठेवी. आणि एकाच वादळाच्या निरनिराळ्या बाजूंना सापडलेल्या निरनिराळ्या जहाजांच्या नोंदी एका नकाशावर मांडून त्या वादळाचे चित्र उभे करी. ज्या काळी कोणाही माणसाला संपूर्ण वादळ एका दृष्टिक्षेपात पाहण्याचे साधन नव्हते, त्या काळी एकमेकांना कधी न भेटलेल्या कप्तानांच्या कैफियती जुळवून अदृश्य वस्तूचा आकार शोधण्याचा हा उद्योग मला मानवी बुद्धीच्या मोठ्या पराक्रमांपैकी एक वाटतो. 'सायक्लोन' ही संज्ञा त्यानेच १८४८ साली आपल्या ग्रंथात रूढ केली.

परंतु त्या ग्रंथाचे वैशिष्ट्य संज्ञेत नाही, तो कोणासाठी लिहिला यात आहे. तो खलाशांसाठी लिहिलेला होता, आणि त्यासोबत पातळ, पारदर्शक शिंगाच्या दोन चकत्या दिलेल्या होत्या, एक उत्तर गोलार्धासाठी आणि दुसरी दक्षिण गोलार्धासाठी. चकतीवर वाऱ्याच्या दिशांचे बाण वर्तुळाकार कोरलेले असत. कप्तानाने ती आपल्या सागरी नकाशावर ठेवायची, आपल्या जहाजावर या क्षणी जो वारा वाहत आहे तो बाण जहाजाच्या जागेवर येईल अशी ती सरकवायची, म्हणजे वादळाचे केंद्र कोणीकडे आहे ते चकतीच्या मध्यावरून कळे. आणि दोन-तीन तासांनी वारा ज्या बाजूला फिरला असेल त्यावरून आपण वादळाच्या उजव्या अंगाला आहोत की डाव्या, हेही समजे. उत्तर गोलार्धात उजवे अंग घातक, कारण तेथे वादळाच्या स्वतःच्या गतीची वाऱ्याच्या वेगात भर पडते आणि वारा जहाजाला वादळाच्या वाटेवरच ढकलत नेतो; डाव्या अंगाला सापडलेल्या जहाजास निसटण्याची आशा अधिक. शिंगाच्या एका तुकड्यात एवढे ज्ञान साठवून ते भर समुद्रातील माणसाच्या हाती दिलेले होते, आणि ते 'जाऊ नका' असे सांगणारे नव्हते, तर 'तुम्ही गेलेले आहात, आता असे करा' असे सांगणारे होते.

त्या नियमांत उणीव होती, हेही नमूद केले पाहिजे. पिडिंग्टनने वारे शुद्ध वर्तुळात फिरतात असे धरले होते. प्रत्यक्षात ते केंद्राकडे आत वळत वळत फिरतात, आणि वर्तुळाच्या भरवशावर दिशा ठरवणारे जहाज केंद्रापासून दूर जाण्याऐवजी त्याच्या जवळ जाऊ शकते. मॉरिशसच्या वेधशाळेतील चार्ल्स मेल्ड्रम याने हिंदी महासागरातील जहाजांच्या रोजनाम्यांवरूनच पुढे ही चूक दाखवून दिली. म्हणजे नियम बांधला गेला तो जहाजांच्या नोंदींवरून, आणि दुरुस्त झाला तोही जहाजांच्या नोंदींवरून. ज्ञान समुद्रावरून किनाऱ्यावर येई, तेथे घडवले जाई, आणि परत समुद्रावर जाई. हा फेरा पूर्ण होत असे, म्हणून ते ज्ञान जिवंत होते.

उष्ण कटिबंधातील समुद्रावर हे ज्ञान किती सूक्ष्म निरीक्षणावर उभे होते, हे वायुभारमापकाच्या एका वर्तनावरून ध्यानात येईल. युरोपच्या किनाऱ्यावर हवेचा दाब रोज अनियमितपणे खालीवर होत असतो. पण विषुववृत्ताच्या आसपासच्या पाण्यावर, आकाश शांत असताना, दाबाला समुद्राप्रमाणेच भरती-ओहोटी असते, आणि ती इतकी नेमाची असते की सकाळी दहाच्या व रात्री दहाच्या सुमारास काटा चढलेला आणि पहाटे चारच्या व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला सापडतो. जहाजावरील अधिकारी हा चढ-उतार दिवसामागून दिवस वहीत टिपतो. ती वही त्याला कंटाळवाणी वाटत असेल, परंतु तिचे मोल एखाद्या दिवशीच कळते. सकाळचे दहा वाजतात आणि काटा चढायला हवा तेवढा चढत नाही. दुपारी तो नेहमीपेक्षा खाली जातो. त्या ऋतूतील त्या प्रदेशाच्या सरासरीहून दाब तीन मिलिबारने कमी भरला की जवळपास वादळ तयार होत असल्याचा संशय धरायचा, आणि पाच मिलिबारने कमी भरला की संशयाला जागा उरत नाही. आकाश अजून निरभ्र असते, वारा मंद असतो. आलेली असते ती फक्त लांबून चालत येणारी, संथ, सावकाश उचलणारी लाट, जिची दिशा त्या ठिकाणच्या वाऱ्याशी जुळत नाही. वादळ ज्या वेगाने पुढे सरकते त्याहून त्याने उठवलेल्या लांब लाटा अधिक वेगाने धावतात, म्हणून वादळाची पहिली खबर हवेऐवजी पाणी आणून देते. कोकणातल्या अनुभवी तांडेलाला ही गोष्ट कोणत्याही ग्रंथाशिवाय ठाऊक असते.

परंतु अशा निरीक्षणाला एक मर्यादा जन्मापासूनच चिकटलेली आहे. ज्याने वादळाचा गाभा पाहिला त्याचा रोजनामा बहुधा त्याच्याबरोबरच बुडतो. १८८८ सालच्या नोव्हेंबरात कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेले 'वैतरणा' हे वाफेवर चालणारे जहाज, ज्याला विजेच्या दिव्यांमुळे लोक 'वीजळी' म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेहून अधिक माणसांसह नाहीसे झाले, आणि त्या वादळाविषयी त्या जहाजाला जे कळले असेल ते कोणालाही कळले नाही. दुसरीकडे, जसजसे इशारे सुधारले तसतशी शहाणी जहाजे वादळाला वळसा घालून जाऊ लागली, आणि वादळाच्या ऐन मध्यावर नोंद करणारा कोणी उरला नाही. उपग्रह येण्यापूर्वीच्या दप्तरात अरबी समुद्रातील वादळे थोडी दिसतात याचे एक कारण ती थोडी होती हे खरेच. परंतु जी झाली ती सगळी कोणी पाहिली, असेही म्हणता येत नाही. १९६० नंतर उपग्रहांच्या छायाचित्रांनी ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी मुंबईत कुलाब्याला हवामानाचे एक केंद्र स्थापन झाले, आणि आजवर जहाजांच्या फाटक्यातुटक्या नोंदींवर भागवणाऱ्या शास्त्राला या महासागराचा थोडा सलग परिचय झाला.

अरबी समुद्राचे म्हणून एक वेगळे वर्तन आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय आजच्या प्रश्नाची निकड ध्यानात येणार नाही. चक्रीवादळाला सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सियसहून ऊबदार पाणी लागते, पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याला वळण मिळावे म्हणून विषुववृत्तापासून थोडे अंतर लागते, आणि खालच्या थरातील वारा व उंचावरील वारा यांच्यात फार मोठी तफावत असून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खाली नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात असतो आणि वर त्याच्या उलट दिशेने पूर्वेचा प्रवाह वाहतो. या कातरीत वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही, शिवाय सोमालियाच्या किनाऱ्याशी हा वारा खालचे थंड पाणी वर आणतो. म्हणून येथील वादळांचे मोसम दोन: पाऊस येण्यापूर्वीचा मे-जून, आणि पाऊस गेल्यानंतरचा ऑक्टोबर ते डिसेंबर. कोकणातल्या जुन्या दर्यावर्दी व्यवहाराची सारी घडी मुख्यतः मधल्या काळाच्या भीतीवर बसवलेली होती. आगोटीपूर्वी गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमाराच्या पावसाळी छावणीचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. पाऊस सरल्यानंतरचा काळ म्हणजे सुरक्षित काळ, उत्पन्नाचा काळ. आता नेमका तोच काळ बदलतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी असे दाखवले आहे की या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या पूर्वीच्या दोन दशकांहून सुमारे निम्म्याने वाढली, ती अधिक काळ टिकू लागली आणि अधिक उग्र होऊ लागली. आणि याचा संबंध या समुद्राच्या वाढत्या उष्णतेशी आहे. एकट्या २०१९ साली या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, आणि क्यार अजून जिवंत असतानाच 'महा' हे दुसरे वादळ उठले. ज्या काळात नौका सर्वांत दूर असतात त्याच काळात वादळे वाढत आहेत.

जमिनीवरचे चित्र मात्र उलट दिशेने पालटले आहे, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. १९९९ सालच्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले गेले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. पूर्वसूचना, निवाऱ्याच्या इमारती, जिल्हा प्रशासनाची तत्परता यांचे हे फळ आहे. पण किनारा सुरक्षित होत गेला की मृत्यूचे प्रमाण आपोआपच समुद्राकडे सरकते, आणि मग किनाऱ्यावरील लोकसंख्या कोट्यवधी, समुद्रावरील केवळ काही लाख, म्हणून साधनसामग्री किनाऱ्यासाठीच वापरावी, हा नेहमीचा युक्तिवाद पूर्वीइतका बळकट राहत नाही. शिवाय त्या युक्तिवादात एक मूलभूत चूक आहे. किनाऱ्याला मिळणारा प्रत्येक इशारा हा भर समुद्रातील परिस्थितीच्या ज्ञानातूनच जन्माला येतो. तेथील पाण्याचे तापमान, तेथील वारा, तेथील दाब नीट कळला नाही तर किनाऱ्याचाही अंदाज चुकतो. उघड्या समुद्राचे हवामान म्हणजे किनाऱ्याच्या हवामानाची प्रस्तावना, अशी जी समजूत आहे ती टाकून दिली पाहिजे.

२०१७ सालच्या 'ओखी' वादळाची कथा या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या आसपास न्यूनदाबाचे क्षेत्र बळावले आणि ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या परिसरात ते चक्रीवादळ झाले. इतक्या अल्प मुदतीत की ज्या नौका कित्येक दिवस आधीच बंदर सोडून गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत कोणताही इशारा पोहोचणे शक्य नव्हते. 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे वाक्य आकाशवाणीवरून प्रसारित झाले. परंतु कन्याकुमारी जिल्ह्यातील तूतूरच्या परिसरातील जी माणसे मोबाइलच्या कक्षेबाहेर, बिनतारी संचाच्याही टप्प्याबाहेर होती, त्यांना ते ऐकू गेले नाही, आणि ऐकू गेले असते तरी त्याचा त्यांना उपयोग काय होता? त्यांना हवे होते ते एवढेच की वारा आता कोणीकडून कोणीकडे फिरणार आहे, आपण घातक अंगाला आहोत की दुसऱ्या, आणि ताशी सात-आठ सागरी मैल चालणाऱ्या आपल्या नौकेने कोणत्या दिशेला तोंड केले तर चोवीस तासांत शांत पाणी मिळेल. शेकडो माणसे परत आली नाहीत. जी वाचली त्यांपैकी पुष्कळ आपल्या महाराष्ट्रात येऊन लागली. डिसेंबरच्या आरंभी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर केरळ-तामिळनाडूच्या ६८ नौका साडेनऊशेहून अधिक माणसांसह पोहोचल्या. या माणसांनी वादळाशी झुंजत उत्तरेकडे जो मार्ग काढला तो कोणत्याही सरकारी पत्रकाच्या आधाराने काढलेला नव्हता.

मच्छीमार इशारे मानत नाहीत, अशी तक्रार वारंवार केली जाते. ती पूर्णपणे खोटी नाही, परंतु ती करणाऱ्याने दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली ही की इशारा मानण्याची किंमत कोण भरतो. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल आणि बोटीच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन बसलेल्या नाखव्याला इशाऱ्यापायी बंदरात बसून, वादळाविना गेलेला आठवडा म्हणजे शुद्ध तोटा असतो, आणि त्या तोट्याची भरपाई कोणतेही खाते देत नाही. दुसरी ही की इशारा धाब्यावर बसवण्याचा दोष गरीब मच्छीमाराचाच असतो, हेही खरे नाही. २०२१ सालच्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळाची सूचना कित्येक दिवस आधी मिळालेली असताना मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात 'पी-३०५' हे निवासी बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच राहिले. नांगर तुटून ते भरकटले आणि १७ मे रोजी बुडाले. त्या बार्जवरील आणि त्याच क्षेत्रातील एका टगवरील मिळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत बहुसंख्य हातावर पोट असलेले कंत्राटी कामगार होते, ज्यांना जावे की थांबावे हे ठरवण्याचा अधिकारच नव्हता. येथे सूचना अचूक होती, वेळेवर होती, ऐकणाऱ्यांच्या कानांवर पडलीही होती. कमी पडली ती सूचनेला हुकमाचे बळ देणारी व्यवस्था. आपल्या व्यवस्थेत जिल्हाधिकाऱ्याला किनाऱ्यावरचे गाव रिकामे करून घेता येते, परंतु शंभर सागरी मैलांवरच्या बार्जवरील माणसाच्या सुरक्षिततेचा अखेरचा निर्णय धंद्याच्या हिशेबावर सोपवला जातो.

सूचनेच्या मजकुराविषयीही काही बोलणे जरूर आहे. लाटांची उंची सांगताना जो आकडा दिला जातो तो सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. म्हणजे 'लाटा चार मीटर' असे पत्रक म्हणते तेव्हा अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची लाट येणार हे गृहीतच असते. हे शास्त्रज्ञाला माहीत असते, मोठ्या जहाजाच्या कप्तानाला माहीत असते; परंतु ज्याच्या पंधरा मीटर लांबीच्या नौकेला चार मीटर आणि आठ मीटर यांतील फरक म्हणजे जीवन-मरणाचा फरक आहे, त्याला ते कोणी स्पष्ट शब्दांत सांगत नाही. लाटेच्या दोन शिखरांमधला काळ हाही तितकाच महत्त्वाचा. सहा सेकंदांनी येणारी तीन मीटरची आखूड, उभी लाट लहान नौकेला जितकी घातक असते तितकी चौदा सेकंदांनी येणारी तेवढ्याच उंचीची लांब लाट नसते. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था हे सर्व आकडे काढते, त्यांचे नकाशे करते, आणि हे काम उत्तम दर्जाचे आहे. परंतु ते आकडे नौकेवरच्या माणसाच्या निर्णयात उतरण्यासाठी जी भाषा लागते, मराठी, कोंकणी, गुजराती, मल्याळम, तामिळ, ती घडवण्याचे काम मागे राहिले आहे. ओखीनंतर उपग्रहावरून संदेश घेणारी यंत्रे निघाली, त्यांतील पहिली एकमार्गी होती, म्हणजे त्यांवर ऐकता येई, बोलता येत नसे. २०२४ साली पालघर येथे १ लाख नौकांवर दुहेरी संदेशवहनाची यंत्रे बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. त्या यंत्राचे मोल त्यावरून कोणता मजकूर जातो यावर ठरेल. त्यावरून 'समुद्रात जाऊ नका' एवढेच जाणार असेल तर पिडिंग्टनची शिंगाची चकती त्याहून अधिक उपयोगी होती.

आणि ज्ञानाचा फेरा पूर्ण करायचा तर संदेश दोन्ही बाजूंनी वाहिला पाहिजे. भर समुद्रात दाब, वारा आणि पाण्याचे तापमान मोजणारे जे तरंगते बोये आपल्या शास्त्रज्ञांनी नांगरून ठेवले आहेत, त्यांची मोडतोड होते, त्यांचे भाग चोरीस जातात, मच्छीमार त्यांना नौका बांधतात, अशी तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्यामुळे मोलाच्या नोंदी बंद पडतात. ताकीद आणि दंड यांनी ही गोष्ट थांबणार नाही. त्या बोयाखाली सावलीला मासे जमतात, म्हणून तो मच्छीमाराला एका अर्थाने दिसतो. दुसऱ्या अर्थाने, म्हणजे आपला रक्षक म्हणून, तो दिसावा असे काही आपण केलेले नाही. त्याच मच्छीमाराच्या नौकेवर साधा वायुभारमापक बसवून सकाळ-संध्याकाळ त्याने कळवलेला आकडा त्याच्या नावाने दप्तरात चढू लागला, तर या समुद्रावर आज जेथे एकही जहाज नोंद करत नाही तेथून हजारो नोंदी येऊ लागतील, आणि बोया तोडणाऱ्या हातांना तो आपला वाटू लागेल. जगातील व्यापारी जहाजे स्वेच्छेने अशी निरीक्षणे गेली दीडशेहून अधिक वर्षे देत आली आहेत. एके काळी त्यांचे अधिकारी कॅनव्हासची बादली दोरीने समुद्रात सोडून, पाणी वर ओढून, त्यात उष्णतामापक बुडवून तापमान घेत, आणि त्या बादलीतील पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने किती निवत असे याचा हिशेब आजचे शास्त्रज्ञ अजून करत आहेत. महासागराच्या उष्णतेविषयी आपण आज जे छातीठोकपणे बोलतो त्याच्या मुळाशी अनाम माणसांच्या त्या ओल्या दोऱ्या आहेत.

समुद्राच्या कायद्यात एक कलम आहे, ज्याच्याइतके उदात्त कलम जमिनीवरच्या फार थोड्या कायद्यांत असेल. टायटॅनिकच्या अपघातानंतर १९१४ साली ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा पाया घातला गेला, त्याच्या आजच्या रूपाप्रमाणे कोणत्याही जहाजाच्या कप्तानाला उष्णदेशीय वादळ आढळले, किंवा ज्याची सूचना मिळालेली नाही असा फार मोठा झंझावात गाठला, तर आपल्या आसपासच्या सर्व जहाजांना आणि जवळच्या किनाऱ्याला ती खबर ताबडतोब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ऐकणारा कोणत्या देशाचा, कोणत्या मालकाचा, मित्र की स्पर्धक, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. आपल्या देशाकडे या महासागराच्या मोठ्या पट्ट्याला हवामानाची सूचना पुरवण्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी आहे, आणि ती परक्या जहाजांच्या बाबतीत आपण चोखपणे पार पाडतो. मग आपल्याच लाकडी नौकेवरच्या माणसाला तिचा पुरता लाभ का मिळू नये, याला मला समाधानकारक उत्तर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट प्रशासनाच्या हातातली आहे आणि तिला फारसा खर्चही लागत नाही. ओखीनंतर कित्येक आठवडे बेपत्ता माणसांचा नक्की आकडा कोणालाच सांगता येत नव्हता. सरकारी याद्या वेगळ्या, चर्चने घरोघर फिरून केलेल्या याद्या वेगळ्या, कारण त्या दिवशी समुद्रात कोण होते याची नोंदच एके ठिकाणी नव्हती. २००९ सालच्या नोव्हेंबरात 'फयान' वादळाने कोकणातले मच्छीमार ओढून नेले, तेव्हा आपल्या बंदरांतही हाच घोर होता. जुन्या काळी आंग्र्यांच्या आरमाराचे दस्तक घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून गलबत निघू शकत नसे, त्यामागे महसुलाचा आणि अंमलाचा हेतू होता. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली आणि नौकांना रंगांच्या खुणा मिळाल्या, त्यामागे सुरक्षेचा हेतू आहे. डिझेलच्या परताव्यासाठी वेगळे दप्तर ठेवले जाते. म्हणजे नौका, मालक आणि खलाशी यांची मोजदाद सरकारला करता येते, आणि जेथे सरकारचा स्वतःचा हेतू असतो तेथे ती केलीही जाते. तीच मोजदाद बंदरातून नौका सुटताना दर फेरीची, माणसांच्या नावांसह, जाण्याच्या क्षेत्रासह आणि परतण्याच्या अपेक्षित तारखेसह एका वहीत चढावी. वादळ उठल्याबरोबर ती वही तटरक्षक दलाच्या आणि वेधशाळेच्या हाती पडावी. आणि वादळ किनाऱ्याकडे येवो वा न येवो, त्या वहीतील शेवटच्या नौकेचा ठावठिकाणा लागेपर्यंत त्या वादळाचे दप्तर बंद होऊ नये, असा जाबता केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून घालून द्यावा. क्यारसारख्या वादळाचे दप्तर मग ते पश्चिमेकडे वळल्याच्या दिवशी मिटता येणार नाही.